वाहनं मोजली की माणसं? वाहतुकीवरचा तांत्रिक लेख संपादित करताना

तुमच्या हातात असा लेख पहिल्यांदाच पडलाय, असं धरून चालते. लेखक स्थापत्य अभियंता, बहुधा निवृत्त, नाहीतर एखाद्या महाविद्यालयात शिकवणारे. विषय शहरातली वाहतूक कोंडी. अठरा पानं, सात तक्ते आणि शेवटच्या पानावर एक उड्डाणपूल. सोबत निरोप: "आकडे सगळे तपासलेले आहेत, तुम्ही भाषा तेवढी बघा."

भाषा तेवढी बघता येत नाही, हे पहिल्या तक्त्यापाशीच कळतं. मी अभियंता नाही, मराठीची एम. ए. आहे. अभियांत्रिकीच्या एका छोट्या मासिकासाठी असे लेख बरीच वर्षं हाताखालून घालवले आणि त्यात पुष्कळ चुका केल्या. नव्याने हे काम करणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून कामाचा क्रम लिहून काढते आहे. उदाहरण म्हणून पुण्यातल्या एका मोठ्या चौकावरचा लेख घेतलाय. चौक आणि लेखक ओळखू येऊ नयेत म्हणून आकडे बदलून गोल केलेत. दुखणं मात्र तेच ठेवलंय.

पहिलं वाचन: पेन खाली ठेवून

पहिल्या वाचनात एकही खूण करायची नाही. ऱ्हस्व-दीर्घ दिसलं तरी हात आवरायचा. संपलं की कोऱ्या कागदावर तीन ओळी लिहायच्या: दुखणं काय, पुरावा काय, उपाय काय. आपल्या लेखाच्या तीन ओळी अशा झाल्या. दुखणं: संध्याकाळी चौक तुंबतो. पुरावा: वाहनांची मोजणी. उपाय: उड्डाणपूल.

आता तिन्हींमध्ये बाण काढा. पुराव्यावरून उपायापर्यंत बाण सरळ जातो का? इथे जात नव्हता. चौदा पानं वाहनं मोजण्यात गेली होती, पण त्या वाहनांत किती माणसं होती हे एकाही तक्त्यात नव्हतं. रस्ता माणसांसाठी असतो हे लेखकाला ठाऊक नव्हतं असं नाही. मोजायला सोपं तेच मोजलं जातं, इतकंच. माझ्याकडे आलेल्या दहांतल्या सात-आठ लेखांत हेच दिसलं. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीला एक प्रश्न हाताशी ठेवा: इथे नेमकं कोण मोजलं गेलं आणि कोण सुटलं?

तीन ओळी लिहिताच आल्या नाहीत, तर लेखकाला फोन करा आणि विचारा, "सर, हे तुम्ही चहाच्या टपरीवर कुणाला सांगाल तर कसं सांगाल?" ते जे बोलतील ते लिहून घ्या. बरेचदा लेखाचा पहिला परिच्छेद तिथेच मिळतो.

शब्द ठरवून घ्या

मराठीत या विषयाला चार शब्द आहेत आणि लेखक ते आलटून पालटून वापरतात. मी असे वाटून घेतलेत. रस्त्यावरून त्या क्षणी जे जातंय ती रहदारी. माणूस किंवा माल इथून तिथे नेण्याचं एकूण काम ती वाहतूक. खातं, महामंडळ, धोरण अशा सरकारी संदर्भात परिवहन. दळणवळण फार पसरट आहे, त्यात टपाल आणि टेलिफोनही येतात, त्यामुळे अशा लेखातून तो काढूनच टाकते. तुम्ही वेगळं वाटून घ्या, हरकत नाही. फक्त एका लेखात एकच वाटणी हवी.

‘मार्गिका’ या शब्दाने तर वैताग आणलाय. रस्त्यावरची लेनही मार्गिका आणि मेट्रोची लाइनही मार्गिका. "चार मार्गिकांचे काम सुरू आहे" या वाक्यात चार पदरी रस्ता आहे की चार मेट्रो, हे देवच जाणे. मी रस्त्याला ‘पदर’ किंवा सरळ ‘लेन’ ठेवते आणि मार्गिका मेट्रोला देऊन टाकते.

आता माझी एक चूक. एसटीवरच्या एका लेखात ‘भारमान’ हा शब्द होता. मला तो ओबडधोबड वाटला, म्हणून मी सगळीकडे ‘प्रवासी घनता’ केलं आणि स्वतःवर खूश झाले. अंक निघाल्यावर एका निवृत्त वाहकाचा फोन आला. "ताई, आम्ही तीस वर्षं भारमान भरलं. हे घनता काय प्रकरण आहे?" गाडीने जेवढी आसनं जेवढे किलोमीटर फिरवली, त्यांतली किती प्रवाशांनी भरली, याचं शेकड्यात प्रमाण म्हणजे भारमान. आगारातला प्रत्येक माणूस तो शब्द रोज बोलतो. घनतेत किलोमीटर कुठेच येत नाहीत. तेव्हापासून नियम केलाय: त्या कामातली माणसं जो शब्द वापरतात तो हलवायचा नाही. आगार, फेरी, शेड्यूल, भारमान, टप्पा वाहतूक हे शब्द तसेच ठेवायचे. वाचकाला अडेल असं वाटलं तर पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत उलगडून सांगायचं.

याच्या उलटही होतं. लेखक मंडळी ‘अनौपचारिक सार्वजनिक परिवहन सेवा’ असं लिहितात तेव्हा त्यांना वडाप म्हणायचं असतं. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे वडाप, मराठवाड्यात काळी-पिवळी, आणखी कुठे टमटम, शहरात शेअर रिक्षा. गोव्यात मोटरसायकलवरून प्रवासी नेणारा तो पायलट, आणि तिथे तो परवाना असलेला, पिवळ्या-काळ्या गाडीचा रीतसर धंदा आहे. हे शब्द लेखात आले की वाचकाला रस्ता दिसतो.

‘अवैध’ या विशेषणाशी मात्र जरा थांबा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात टप्प्याटप्प्यावर प्रवासी चढवण्या-उतरवण्याचा परवाना वेगळा आणि एकरकमी भाड्याने गाडी देण्याचा वेगळा. वडापवाल्याकडे बहुधा दुसरा असतो आणि तो काम पहिल्याचं करतो. म्हणून ‘अवैध’ हा शब्द कायद्याच्या अंगाने बरोबर असू शकतो. पण ज्या गावाला दिवसातून दोनच एसट्या येतात तिथली माणसं बाजाराला जातात कशी, याचं उत्तरही वडापच असतं. लेखात पहिली गोष्ट असेल आणि दुसरी नसेल, तर लेखकाकडे दुसरी मागा.

आकडे: इथे वेळ लागतो

एक पूर्ण दिवस इथे द्या. लेखकाने मांडलेली प्रत्येक बेरीज स्वतः करा. मी कॅल्क्युलेटर आणि शिसपेन्सिल घेऊन बसते. तक्त्यातली उभी बेरीज, आडवी बेरीज, टक्के शंभर भरतात का. हे कंटाळवाणं आहे आणि जवळजवळ प्रत्येक लेखात काहीतरी सापडतंच.

आपल्या लेखातला मुख्य तक्ता घेऊ. संध्याकाळचा एक तास, एकच दिशा. दुचाकी ३,०००, मोटारी ८००, रिक्षा ४५०, बस ४०. सोपं जावं म्हणून ट्रक, टेंपो, सायकली सोडून देते. एकूण वाहनं ४,२९०. पुढे लेखक म्हणतात: "ही वाहतूक २,९२८ पीसीयू इतकी भरते."

पीसीयू म्हणजे मोटारीच्या मापात मोजलेली रहदारी. एक मोटार म्हणजे १. बाकीची वाहनं रस्त्याची किती जागा अडवतात त्यावर त्यांचा गुणक. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसची संहिता आहे, शहरी रस्त्यांसाठी आयआरसी १०६, १९९० सालची. तिच्यात एक बारकावा आहे, आणि नवखे लेखकच काय, मुरलेलेही तिथे घसरतात. गुणक ठरलेला एकच नसतो. रहदारीत त्या वाहनाचा वाटा किती यावर तो बदलतो. दुचाकींचा वाटा ५ टक्के असेल तर गुणक ०.५, १० टक्के किंवा जास्त असेल तर ०.७५. रिक्षाला तसेच १.२ आणि २.०. बसला २.२ आणि ३.७.

आता आपला चौक. ४,२९० वाहनांत ३,००० दुचाकी, म्हणजे ७० टक्के. तिथे ०.५ लावून कसं चालेल? लेखकाने लावला होता. रिक्षा दहा टक्क्यांच्या किंचित वर, तिथेही त्यांनी १.२ घेतला होता. बस एक टक्कासुद्धा नाहीत, त्यांना २.२ बरोबर. दुरुस्त हिशोब असा: दुचाकी २,२५०, मोटारी ८००, रिक्षा ९००, बस ८८. बेरीज ४,०३८. लेखकाच्या आकड्यापेक्षा १,११० ने जास्त. गंमत म्हणजे या दुरुस्तीने लेखकाचीच बाजू भक्कम झाली, कारण चौक त्यांना वाटत होता त्याहून जास्त तुंबलेला निघाला. चुका नेहमी लेखकाच्या सोयीच्याच असतात असं नाही, म्हणून संशयाने नव्हे तर हिशोबाने तपासा.

संहिता कोणती हेही विचारा. गावाबाहेरच्या रस्त्यांसाठी आयआरसी ६४ वेगळी आहे. तिच्यात बस-ट्रकला ३ आणि बैलगाडीला ८ पर्यंत गुणक आहे. पुढे २०१७ साली भारतीय रस्त्यांसाठी ‘इंडो-एचसीएम’ ही रस्त्यांच्या क्षमतेची पुस्तिका आली, तिचे गुणक आणखी वेगळे. लेखक कोणतीही वापरोत, पण तक्त्याखाली नाव आणि साल छापलं गेलं पाहिजे. नाहीतर दोन लेखांतले पीसीयू शेजारी ठेवून तुलना करणारा वाचक फसतो.

मग मी तोच तक्ता दुसऱ्यांदा केला, माणसांचा. समजा दुचाकीवर सरासरी १.३ माणसं, मोटारीत १.५, रिक्षात चालक सोडून १.५, बसमध्ये ४५. म्हणजे दुचाकींवर ३,९००, मोटारींत १,२००, रिक्षांत ६७५, बसमध्ये १,८००. एकूण ७,५७५ माणसं. आता दोन्ही तक्ते शेजारी ठेवा. त्या ४० बसनी ४,०३८ पैकी ८८ पीसीयू घेतले, म्हणजे रहदारीतला दोन टक्के वाटा, आणि माणसं नेली जवळपास चोवीस टक्के. ८०० मोटारींनी वीस टक्के घेऊन सोळा टक्के नेली. पायी चौक ओलांडणारे दोन्ही तक्त्यांत नाहीत. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात वाहनं नव्हे तर माणसं हलवायची आहेत, असं स्पष्ट म्हटलंय. हा लेखही त्या धोरणाचा हवाला पान दोनवर देत होता. पान तीनपासून तो विसरला होता.

हा दुसरा तक्ता संपादकाने लेखात घुसवायचा नाही. माझे ४५ आणि १.३ हे अंदाज आहेत, मोजणी नव्हे. तो लेखकाला पाठवायचा आणि विचारायचं, "तुमच्याकडे खरे आकडे आहेत का?"

बाकीचे सापळे जरा भराभर सांगते.

नोंदणीकृत वाहनं म्हणजे रस्त्यावरची वाहनं नव्हेत. "शहरात माणसांपेक्षा वाहनं जास्त" हे वाक्य पुण्याबद्दल इतक्या वेळा छापून आलंय की आता ते म्हणीसारखं झालंय. तो आकडा वर्षानुवर्षांच्या नोंदणीची बेरीज असतो. भंगारात गेलेली, गावी नेलेली, दुसऱ्या जिल्ह्यात विकलेली गाडी त्यातून आपोआप वजा होत नाही. वाक्य ठेवायचं असेल तर ‘आजवर नोंदलेली’ हे दोन शब्द घाला.

सार्वजनिक वाहतुकीचा ‘वाटा’ कशातला? समजा १०० प्रवासांत ४० पायी, ३० बस-लोकलने, ३० स्वतःच्या वाहनाने. बस-लोकलचा वाटा ३० टक्के. पायी प्रवास वगळले की तोच ५० टक्के. दोन्ही खरे. दोन शहरांची तुलना असेल आणि एकात पायी धरले, दुसऱ्यात वगळले, तर तो आलेख काढून टाकायच्या लायकीचा.

जनगणनेचे आकडे आले की आणखी सावध व्हा. २०११ च्या जनगणनेत कामावर कसे आणि किती लांब जाता हे विचारलं होतं, आणि लेखक तो तक्ता हमखास वापरतात. पण तो शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले वगळून उरलेल्या कामगारांचा आहे. शाळेला जाणारी मुलं त्यात नाहीत. मुलाला शाळेत सोडून, भाजी घेऊन, सासूबाईंचं औषध आणणाऱ्या बाईचे तीन प्रवास त्यात नाहीत. "भारतीय लोक असा प्रवास करतात" असं त्यावरून लिहिता येत नाही.

अपघातांत दोन आकड्यांची गल्लत होते. २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसं मेली. पहिला आकडा अपघातांचा, दुसरा मृत्यूंचा. मथळा करताना घाईत अदलाबदल होते आणि ती मी छापून आलेली पाहिलीय. शिवाय सरकारी आकडा पोलिसांकडे नोंदलेल्या प्रकरणांचा, अपघातानंतर ३० दिवसांत दगावलेल्यांचा. जागतिक आरोग्य संघटना स्वतंत्र अंदाज काढते. २०१६ साठी सरकारी आकडा १,५०,७८५ होता आणि संघटनेचा अंदाज जवळपास तीन लाख. लेखकाने एक परिच्छेद एका आकड्यावर आणि पुढचा दुसऱ्यावर उभा केला असेल, तर एका वर्षात मृत्यू दुप्पट झाल्यासारखं दिसेल.

मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, आपला अब्ज. हे भिंतीवर चिकटवून ठेवा. जागतिक बँकेच्या कागदांवरून घेतलेले आकडे मिलियन डॉलरमध्ये असतात. रुपयांत बदल केला असेल तर कोणत्या वर्षीच्या दराने, ते हवं. प्रकल्पाचा खर्चही साल सांगितल्याशिवाय छापू नका. मुंबईच्या मेट्रो-३ चा मूळ मंजूर खर्च २३,१३६ कोटी होता, पुढे तो ३३ हजार कोटींच्या वर गेला. मार्ग तोच, ३३.५ किलोमीटर. दर किलोमीटरचा खर्च कोणत्या आकड्याने काढलाय, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

वर्षांची रांग असलेल्या आलेखात मध्ये काही मोडलंय का ते पाहा. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली २००७ साली, त्यामुळे त्याआधीचे आकडे दोन संस्थांचे. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं. त्यानंतर प्रवासी वाढले तर ती गाड्यांची सुधारणा की सवलतीचा परिणाम? लेखकाने निष्कर्ष काढायला हरकत नाही, पण आलेखावर त्या तारखेला एक उभी रेघ असावी.

आणि सरासरीवर विश्वास ठेवू नका. भारमान ५५ टक्के म्हणजे गाडी अर्धी रिकामी धावते असा निष्कर्ष एका लेखात होता. त्या मार्गावर सकाळी शहराकडे येताना पाय ठेवायला जागा नसते आणि परतताना वाहक-चालक दोघेच असतात. मुंबईच्या लोकलचंही तेच. रेल्वेच्या भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणजे एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभे प्रवासी. या संज्ञेचं मराठीकरण करत बसू नका. एक मीटर लांब-रुंद चौकोन जमिनीवर खडूने आखा आणि त्यात किती जण मावतात ते ऑफिसात करून बघा. आम्ही केलं. आठव्यालाच एक पाय बाहेर ठेवावा लागला. लेखात ती ओळ लेखकाच्या परवानगीने घातली.

‘विकसनशील देशांत’ हे दोन शब्द

हे शब्द दिसले की पेन्सिलीने गोल करा आणि विचारा: कोणत्या? नैरोबीचे मटाटू, मनिलाच्या जीपनी, लागोसचे डान्फो आणि आपलं वडाप यांत साम्य आहे, फरकही आहेत. लेखकाला एका शहराबद्दल ठाऊक असतं आणि तो खंडभर बोलतो. शहराचं नाव घातलं की निम्मी वाक्यं सुधारतात आणि उरलेली गळून पडतात.

परदेशी यशोगाथांचंही असंच. ब्राझीलमधल्या कुरितिबाने १९७४ मध्ये बससाठी वेगळे रस्ते काढले (याच व्यवस्थेला बीआरटी म्हणतात), कोलंबियातल्या बोगोटाची ट्रान्समिलेनिओ ही तशीच बससेवा २००० मध्ये धावली. "म्हणून आपल्याकडेही बीआरटी यशस्वी होईल" हे वाक्य त्यामागोमाग येतंच. पण आपल्याकडे ते होऊन गेलंय. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातला पहिला प्रयोग सुरू झाला. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा मार्ग २००८ मध्ये आला आणि २०१६ मध्ये उखडला गेला. अहमदाबादचं जनमार्ग २००९ पासून चालू आहे. बोगोटात तिकीट स्थानकात शिरतानाच काढतात, फलाट बसच्या दाराच्या उंचीचा, बऱ्याच ठिकाणी एक बस दुसरीला ओलांडून जाईल एवढी जागा. नुसता रंगवलेला बसचा पदर म्हणजे ही व्यवस्था नव्हे. लेखक बीआरटीच्या बाजूचे असोत की विरोधातले, यांतल्या कोणत्या गोष्टी इथे होत्या आणि कोणत्या नव्हत्या हे त्यांना लिहायला लावा.

कर्ता शोधा, मग वाक्य कापा

अभियंत्यांच्या मराठीत कर्ता हरवलेला असतो. "रस्ता रुंद करण्यात आला", "सिग्नल बसवण्यात आले", "अतिक्रमण हटवण्यात यावे". कुणी? एका चौकात रस्ता महापालिकेचा, सिग्नलवर उभे वाहतूक पोलीस, रिक्षांचे परवाने आरटीओकडे, बस परिवहन महामंडळाची, आणि चौकातून राष्ट्रीय महामार्ग जात असेल तर आणखी एक प्राधिकरण. कोंडी का सुटत नाही याचं अर्धं उत्तर या यादीत असतं, आणि ‘करण्यात यावे’ ते झाकून टाकतं. प्रत्येक ‘करण्यात’ला गोल करा. लेखकाला कर्ता माहीत नसेल तर तेही कळतं.

आपल्या लेखातलं एक वाक्य मुळात असं होतं:

"सदर चौकातील वाहतुकीच्या अभ्यासाअंती असे निदर्शनास येते की, गर्दीच्या वेळी वाहनांच्या संख्येत मोठ्या प्रमाणावर वाढ होत असल्याने चौकाच्या क्षमतेवर ताण निर्माण होऊन विलंबाच्या समस्येस सामोरे जावे लागते."

झालं असं:

"संध्याकाळी सहा ते सात या वेळेत चौकात एका दिशेने ४,२९० वाहनं येतात. स्वारगेटकडे जाणाऱ्या गाडीला सिग्नल सरासरी तीनदा लाल लागतो."

दुसरं वाक्य लेखकाच्याच तक्ता ५ मध्ये दडलेलं होतं. ‘मोठ्या प्रमाणावर’, ‘च्या माध्यमातून’, ‘सामोरे जावे लागते’ ही भर काढली की खाली आकडा सापडतो किंवा काहीच सापडत नाही. काहीच नसेल तर वाक्य जाऊ द्या. मात्र ‘विलंब’ला ‘उशीर’ करू नका. वाहतूक अभ्यासात सिग्नलपाशी किती सेकंद गेले याला विलंबच म्हणतात, आणि तो मोजायची रीत ठरलेली आहे.

कार्यकारणाच्या वाक्यांवर जास्त थांबा. "रस्ता रुंद केल्यास कोंडी कमी होईल" यात ‘किती काळ’ नाही. रस्ता मोकळा झाला की बसने जाणारा दुचाकी काढतो, लांबच्या रस्त्याने जाणारा इकडून येतो, आणि काही वर्षांत रस्ता पुन्हा भरतो. अभ्यासक याला प्रेरित मागणी म्हणतात. लेखकाने ती धरली नसेल तर तेवढं विचारा, वाद घालू नका.

छायाचित्राबद्दल एकच. कोंडीचा फोटो त्याच चौकाचा हवा. दुसऱ्या शहराच्या गर्दीचा फोटो लावला की स्थानिक वाचक पहिल्या पानावरच लेख मिटतो.

चौकात जाऊन या

शक्य असेल तर जाच. मी तासभर उभी राहिले, टपरीवाल्याकडून दोन चहा घेऊन. लेखात डावीकडच्या पदराची रुंदी साडेतीन मीटर होती. प्रत्यक्षात त्यातला मीटरभर रिक्षांच्या रांगेने घेतलेला. बस थांब्याला टेकत नव्हती, मधल्या पदरात उभी राहत होती, आणि प्रवासी दुचाकींमधून वाट काढत तिच्याकडे पळत होते. पदपथ होता, पण त्यावर महावितरणची पेटी आणि एक वडाचं झाड, त्यामुळे माणसं रस्त्यावरूनच चालत होती. यातलं काही मी लेखात घातलं नाही. प्रश्न मात्र बदलले.

लेखकाला पत्र

दुरुस्त्या थेट प्रतीत करा, शंका वेगळ्या कागदावर. शंका नम्र, क्रमवार आणि पान क्रमांकासह. एका वेळी सगळ्या. रोज एक शंका पाठवली की लेखक चिडतात, आणि बरोबरच आहे. माझं पत्र असं होतं:

"सर, लेख वाचला. भाषेच्या दुरुस्त्या सोबत आहेत. पाच शंका आहेत. १. तक्ता ३ मधली मोजणी कोणत्या तारखेची, कोणत्या वारची? २. दुचाकीला ०.५ आणि रिक्षाला १.२ गुणक घेतलाय. वाटा पाहता ०.७५ आणि २.० यायला हवेत का? ३. बसमधले प्रवासी मोजले होते का? ४. पान ११ वर ‘तज्ज्ञांच्या मते’ आहे, कोणते तज्ज्ञ? ५. पायी ओलांडणारे मोजले नसतील तर तसं एका ओळीत लिहू का?"

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. गुणकांचं त्यांनी लगेच मान्य केलं, जुन्या फाइलमधला तक्ता तसाच चिकटला होता म्हणाले. चौथ्या शंकेवर हसले: "तज्ज्ञ म्हणजे मीच." तो शब्द काढला. मग पहिल्या शंकेवर जरा थांबले. "मोजणी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातली. विद्यार्थ्यांना तेव्हाच वेळ असतो ना."

म्हणजे शाळा बंद, कॉलेजं बंद, निम्मं पुणं गावाला. तक्त्याच्या मथळ्यात ‘शाळांच्या सुट्टीतली मोजणी’ असं घालायचं ठरलं. पण ते बहुधा त्यांच्याच मनाला लागलं. जूनच्या शेवटी त्यांनी दोन विद्यार्थी पुन्हा त्या चौकात बसवले, आणि या वेळी एकाच्या हातात फक्त बसचा कागद दिला. लेख दोन महिने उशिरा छापला. उड्डाणपूल शेवटच्या पानावर राहिलाच, पण त्याच्याआधी बसवरचं दीड पान आलं आणि पायी जाणाऱ्यांचा एक छोटा तक्ता. त्या तक्त्याची बेरीज मी दोनदा केली. पहिल्यांदा चार कमी भरत होते.